भीतीची जागा

कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी आईचं बिनसायला लागलं. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं. मग ती शेजारणीच्या तोंडावर तिच्याच सुनेची नक्कल करायला लागली. जन्मभर हळू आवाजात बोललेली बाई. शेवटी आंबा घाट चढून तिला कोल्हापूरला नेलं, स्कॅन काढला. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरली. मेंदू आक्रसत चालला होता. कपाळामागचा भाग माणसाला आवरून धरतो, म्हणाले, आणि कानांच्या आतल्या बाजूचा भाग नवी आठवण बसवतो. दोन्ही सुकत होते. "आत्ता घडलेलं त्यांना घटकाभरानं आठवणार नाही. औषध असं नाही यावर."

ते वाक्य मी जपून घरी आणलं.

त्या भाद्रपदात वडिलांचा म्हाळ होता. पान वाढून दगडी गडग्यावर ठेवलं आणि आम्ही सगळे पडवीत कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही, हे आईनंच शिकवलेलं. लहानपणी मी परातीतला वडा उचलला तर तिनं मला दुपारभर उपाशी ठेवलं होतं. तीच आई मागच्या दारानं बाहेर गेली, पानाशी उभी राहिली आणि वडा खिरीत बुडवून खाऊ लागली.

"वैनीन माझ्या भावाचं पान खाल्लान हो," आत्या म्हणाली.

मुंबईहून आलेला चुलतभाऊ हसला. "काकी, कावळ्याला तरी ठेवा."

मी गेलो आणि तिच्या मनगटावर मारलं. जोरात. मोकळं मनगट, बांगडी नाही. वडा खाली पडला. तिनं माझ्याकडे रस्त्यातल्या कुणाकडे बघावं तसं बघितलं. दुसरं पान वाढून होईतो ती विसरलीही. "आज काय आहे गो? वड्यांचा वास येतोय," तिनं माझ्या बायकोला विचारलं.

मला सुटल्यासारखं वाटलं.

हे एकदाच घडलं, असं मी घरच्यांना सांगत आलो. तसं नाही. तिला आठवणार नाही हे कळल्यावर हात सैल झाला. अंगणात लुगडं सोडून उभी राहिली तेव्हा. गाईच्या आंबोणात हात घालून खाल्लं तेव्हा. कुणी बघत नसताना. दर वेळी ती विसरायची, आणि दर वेळी मी डॉक्टरांचं ते वाक्य मनात म्हणायचो.

मग ती माझ्या हातचं ताट घेईना. मी समोर बसलो की तिचं मनगट पदराखाली जायचं.

"हे कोण गृहस्थ?" बायकोला विचारायची.

"तुमचा मुलगा, आई."

"बरा दिसतो," म्हणायची, आणि पदर आणखी ओढून घ्यायची.

मी मारणं सोडलं. तिला आवडायचे म्हणून फणसाचे गरे सोलून समोर धरायला लागलो. गरा माझ्याच बोटांत राहायचा. "तुम्ही बाजूला व्हा बघू," बायको म्हणाली. "तुम्ही असलात की त्या तोंड मिटतात."

पुन्हा कोल्हापूरला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, तिला काही आठवत नाही, तर मला बघून मागे का सरते?

"भीतीची जागा वेगळी असते. ती अजून शाबूत आहे. प्रसंग पुसला जातो, भीती राहते." त्यांनी मान वर केली. "का, कुणी काही करतं का त्यांना?"

"नाही," मी म्हणालो. आई बायकोला चिकटून बसली होती.

ती गेली त्या सकाळी आत्यानं तुळशीचं पान घातलेली पाण्याची वाटी माझ्याकडे दिली. "पोटच्या पोरानं घालायचं." आईचे डोळे मिटलेले होते. "आई," मी म्हटलं आणि चमचा ओठांशी नेला. ओठ घट्ट झाले. चादरीखाली हात हलला, आत ओढला गेला. मी पुन्हा चमचा नेला. पाणी गालावरून उशीवर गेलं. बायकोनं चमचा घेतला, आईच्या कपाळावर हात ठेवला, आणि आईनं घोट घेतला.

थोड्या वेळानं आत्या अंगणात जमलेल्यांना सांगत होती, "लेकाच्या हातचं पाणी पिऊन गेली हो. भाग्याची."

लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. मी मान खाली घातली. ती मानही त्यांना दुःखानंच घातलेली वाटली.