शेवटच्या विमानाचं वजन

विमानतळावर तिला सगळे काटेवाली म्हणत. विमान जेमतेम नऊ जणांचं. सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभं करावं लागे. बायकांनी कितीही लाडीगोडी लावली तरी तिने कुणाचं किलोभर कमी सांगितलं नाही. "वर देवाच्या दारात जायचं आणि खाली खोटं बोलायचं?" म्हणायची. वजन जास्त झालं म्हणून कुणाला उतरवलं, तर त्याचं सामानही उतरवायचं, हाही तिचाच दंडक.

विमान कंपनी सुरू झाली तेव्हा अख्खं गाव मान वर करून पाहत होतं. दोन वर्षांत तोट्यापायी दोनातलं एक विमान विकलं गेलं. उरलेलं आज शहरात माणसं सोडून तसंच पुढे मालकाकडे जाणार होतं. उद्यापासून काही नाही.

याच फेरीत तिचे सासरे होते. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन शहरात होतं. "डोंगरातल्या रस्त्याने नेलंत तर पोचायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले होते. शहरात ओळखीचं कुणी नाही आणि नवरा वारल्यापासून घरात ही दोघंच. म्हणून तीही निघाली होती.

"बघ, छप्पन्न किलो! तुझ्या स्वयंपाकाची पावती," सासरे काट्यावरून म्हणाले.

"बाबा, गप्प उभे राहा. काटा हलतोय."

कॅप्टनने बेरीज पाहिली आणि डोकं खाजवलं. "लांब जायचंय, टाकी काठोकाठ आहे. एक माणूस उतरवावा लागेल."

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. एक बाई फणकारली, "तुम्ही तर कंपनीच्याच. तुम्हीच थांबा की!"

काटा बिघडलाय, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जीभ वळेना. तिने खांद्याला पिशवी अडकवली.

विमानात सासऱ्यांनी शेजारच्या सीटवर रुमाल टाकून तिची जागा धरून ठेवली होती. "कुठे निघालीस?"

"आलेच, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदाच ती खोटं बोलली.

त्या बाईला तिने हात जोडले. "बाबांना एवढं दवाखान्यापर्यंत पोचवाल ना?"

"बघते," बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

दार लागलं. विमान धावपट्टीच्या टोकाकडे सरकू लागलं तेव्हा तिला राहवेना. तिने सासऱ्यांना फोन लावला.

घंटी तिच्याच खांद्यावर वाजली.

पिशवी दोघांची होती. आत त्यांचा फोन आणि छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या.

"थांबवा! अरे देवा, थांबवा!" पिशवी उंच धरून ती धावपट्टीवर धावत सुटली. चपला कुठे पडल्या कळलं नाही.

विमान मात्र अगदी अलगद उचललं गेलं. वजन बरोबर होतं.