थोडं राहिलंय

योगिनी वाईट मुलगी नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तिचा राग येणार आहे. आणि यायलाच हवा.

चिक्कडपल्लीत वाढलेली पोर. घरात मराठी, दुकानात मोडकंतोडकं तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी उर्दू. शिकली मानसशास्त्र. त्यात उपचार करायचा परवाना हवा, तर नुसती पुस्तकं पाठ करून भागत नाही. आधी दवाखान्यात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, ठरलेले तास पेशंटसमोर बसावं लागतं. तास भरले तर परीक्षा, नाहीतर गेलं वर्ष पाण्यात. योगिनीचे तास काही केल्या भरेनात. तेलुगू पेशंट साहजिकच इतरांकडे जायचे. तिच्या वाट्याला येणारे दोनदा यायचे आणि तिसऱ्यांदा गायब. वडील, हिम्मतराव, जेवताना सहज विचारायचे, "काय गं, कुठवर आलं?" आणि ती ताटातलं भराभर संपवून उठायची.

अशात नारायणगुड्याच्या कुसुमताई आल्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या छातीत एकाएकी धडधड सुरू व्हायची, श्वास अडकायचा, हातपाय कापायचे. एकदा तर हातातलं तापल्या दुधाचं पातेलं सुटलं. ते पाहून मुलगा शिवराज घाबरला. तो कुकटपल्लीला राहायचा, बायकोला दिवस गेलेले. म्हणाला, "आई, बाळ येईल तेव्हा तू आमच्याकडेच ये. पण आधी बरी हो." कुसुमताईंनी दवाखान्यात एकच अट घातली. मराठी बोलणारं कुणी असेल तरच बसते, दुसऱ्या भाषेत मला रडता येत नाही.

मराठी बोलणारी अख्ख्या विभागात एकटी योगिनी. तिने मन लावून काम केलं, हे कुणी नाकारू नये. रडायचं ते रडू दिलं, श्वास सावकाश घ्यायला शिकवलं, एकेक भीती हळूहळू मोडायला लावली. कुसुमताई एकट्या बसने यायला लागल्या. शांत झोपायला लागल्या. एक दिवस भाजीवाल्याशी टोमॅटोवरून कडाक्याचं भांडण करून आल्या आणि पोट धरून हसल्या.

"मला बरं वाटतंय बघा आता," त्या म्हणाल्या. "अजून यायची जरूरत आहे का?"

नाही म्हणायचं तर बाई हातची गेली, आणि तिच्याबरोबर आठवड्याचे तासही. योगिनी म्हणाली, "थोडं राहिलंय, काकू. मध्येच सोडलं तर परत उलटतं."

झालं. 'गरज सरो नि वैद्य मरो' म्हणतात. इथे गरज पेशंटची नव्हतीच, वैद्याची होती. देखरेख करणाऱ्या पद्मजा मॅडम प्रत्येक केसबद्दल खोदून विचारायच्या, पण मराठीचं त्यांना अक्षर कळत नव्हतं. कुसुमताई काय बोलल्या ते योगिनी सांगेल तेच खरं. योगिनी सांगायची, भीती अजून पुरती गेलेली नाही. मॅडम मान हलवायच्या.

मध्ये नातू झाला. योगिनीने अभिनंदन केलं, पेढा खाल्ला. बरेच आठवडे गेल्यावर कुसुमताईंनी मोबाइल पुढे केला. त्यात एक बाई पायांवर बाळ घेऊन न्हाऊ घालत होती.

"पगारी ठेवली आहे शिवराजने," कुसुमताई म्हणाल्या. "हात बघा कसा आडदांड. तेल नीट जिरवत नाही, पाणी सरळ डोळ्यांत. माझ्या पायांवर शिवराज न्हाला, दिराची दोन्ही पोरं न्हाली. पण काय करणार."

"मग तुम्ही का जात नाही?" योगिनीने विचारलं.

"तुम्ही कुठे सोडलंय अजून? शिवराज म्हणतो, डॉक्टरांनी बरी म्हटलं की त्या दिवशी न्यायला येतो. पोरगं नाजूक, अन् माझ्या हातातून पातेलं सुटलेलं. त्याचं तरी काय चुकलं? दोनदा जाऊन लांबून बघून आले."

आपल्या 'थोडं राहिलंय'ने काय केलं, ते योगिनीला आत्ता कळलं. त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. घरी जाऊन तिने स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या, आणि पुढच्या बैठकीत काय करावं? नातवापासून दूर राहिल्याचं दुःख, हाच विषय घेतला! ते दुःख दिलं कुणी? हिनेच. त्याच्यावर उपचार कोण करणार? हीच. आणि त्याचे तास पुन्हा हिच्याच खात्यावर. निर्लज्जपणालाही काही सीमा असते की नाही?

तास भरले तेव्हा तिने कुसुमताईंना सांगितलं, "काकू, तुम्ही बऱ्या झालात." कुसुमताईंनी तिचे दोन्ही हात धरले. "माझ्या एकटीसाठी किती वेळ घातलास गं बेटा. देव तुझं भलं करो."

शिवी दिली असती तर सोसली असती. आशीर्वाद सोसेना. योगिनी उठली ती थेट पद्मजा मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं ओकून टाकलं. मॅडम ओरडल्या नाहीत, आणि त्यामुळे तिला जास्तच लाज वाटली. बाई बरी झाल्यानंतरचे सगळे तास त्यांनी काढून टाकले. "परीक्षा पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या, "आणि त्यांना खरं काय ते तूच सांगायचं. माझ्यासमोर."

मॅडमनी बोलावल्यावर कुसुमताई आल्या त्या मुलगा, सून आणि नातू सगळ्यांना घेऊन, आनंदाने. बाळ आता चांगलं सहा महिन्यांचं, आधार दिला की बसणारं, पायांवर न्हाऊ घालायचं वय मागे पडलेलं. कुसुमताईंनी ते सुनेकडून कडेवर घेतलं, तर त्यांचं तोंड बघून ते भोकाड पसरून रडायला लागलं.

"ओळख नाही अजून," सून ओशाळून म्हणाली. "होईल हळूहळू."

त्या रडण्यातच योगिनीला बोलावं लागलं. मान वर न करता तिने सांगितलं, काकू कधीपासून बऱ्या होत्या, आणि तिने त्यांना कशासाठी थांबवलं. शिवराज ताडकन उठला. "म्हणजे बाळ झालं तेव्हा आई बरी होती?"

"हो," योगिनी म्हणाली. "त्याच्या आधीपासून."

शिवराज आईकडे वळला. कुसुमताई बाळाला थोपटत होत्या, ते काही थांबत नव्हतं.

"मग तुझ्या परीक्षेचं काय?" त्यांनी विचारलं.

"यंदाची गेली, काकू."

"पुढल्या साली परत असते ना?"

"हो."

"हौ, परीक्षा असते परत," कुसुमताई म्हणाल्या, आणि रडणारं बाळ त्यांनी सुनेच्या हातात दिलं.