विरोधकाची पुस्तिका

भिवंडीच्या निजामपुऱ्यात सरांच्या घराखाली कापडाचे लूम धडधडत चालायचे, त्यामुळे त्या घरात हळू बोलून भागायचंच नाही. दुःखाची गोष्टही ओरडून सांगावी लागे. सरांचं पुस्तक चुकलंय, हेसुद्धा मी त्यांना ओरडूनच सांगितलं.

सर माझे इतिहासाचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी एका सोव्हिएत इतिहासकाराचं चरित्र लिहायला घेतलं. कोण वाचणार आहे हो भिवंडीत, असं मी चिडवायचे. सरांना त्या माणसाची एकच गोष्ट भिडली होती. एका मित्राचा निषेध करणाऱ्या पत्रावर सगळ्या संस्थेनं सह्या केल्या, त्यानं केली नाही. त्या नकारावरच सरांचं अख्खं पुस्तक उभं होतं. छापायला देण्याआधी हातानं लिहिलेली एकुलती प्रत त्यांनी माझ्याकडे दिली. "दयामाया दाखवू नकोस," म्हणाले, "परीक्षकासारखी वाच."

मग काय, मला स्फुरणच चढलं! सरांनी तीन इंग्रजी चरित्रांचे दाखले दिले होते. खणत गेले, तर तिन्ही पुस्तकांनी ती हकिगत एकाच मृत्युलेखातून उचललेली. आणि तो लेख लिहिणारा कोण, तर त्या इतिहासकाराचा लाडका शिष्य! म्हणजे सगळा मिळून साक्षीदार एक, आणि तोही घरचा.

सरांकडे एक पातळ रशियन पुस्तिकाही होती, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेली. सरांना रशियन येत नव्हतं. "अक्षरं लावून आपल्या इतिहासकाराचं नाव तेवढं ओळखलंय," ते म्हणाले. "तुझ्या मोबाइलवर भाषांतर होतं ना? बघ जरा." मी ती घरी नेली आणि मुखपृष्ठाचा फोटो काढून लेखकाचं नाव वाचलं. लेखक त्या इतिहासकाराचा कट्टर विरोधक, हे मला ठाऊक होतं. असला माणूस गरळच ओकणार, दुसरं काय! मी पुस्तिका न उघडता परत नेली.

"पाहिलीस?" सरांनी विचारलं.

"पाहिली. त्यात काही नाही."

जीभ कशी झडली नाही माझी! सरांनी पुस्तिका कपाटात ठेवली. मग म्हणाले, "बरं झालं तू होतीस. खोटं छापलं असतं मी." आवाजात राग नव्हता. मला मात्र घरी जाताना, खरं सांगते, आनंद झाला होता. सरांची चूक काढली म्हणून.

त्यानंतर सरांनी काही लिहिलं नाही. मागच्या थंडीत ते गेले. त्यांची पुस्तकं कॉलेजला द्यायची म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला बोलावलं, तेव्हा ती पुस्तिका पुन्हा हाती आली. या वेळी जमिनीवर बसून मी पानापानाचे फोटो काढत ती वाचली. ती मृत्युलेखाच्या कितीतरी आधीची होती, इतिहासकार हयात असतानाची. मधल्या एका पानावर विरोधकानं त्याला झोडपलं होतं, की सगळ्यांनी सह्या केल्या आणि हा एकटा उद्दाम माणूस पेन न उचलता निघून गेला. शिव्या देता देता त्यानं साक्ष दिली होती. त्याला याचं भलं करायचं कुठे होतं? म्हणून तर ती खरी.

मी काकूंना विचारलं, "सरांचं हस्तलिखित कुठाय?"

"न्हाय गं ते आता. त्यांनीच रद्दीत दिलं." काकू पुस्तकांवरची धूळ पुसत होत्या. "मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा एकदा. तर म्हणाले, तिनं बघितलंय ना, मग आणखी कुणाला कशाला?"