आवाज पुढे, चेंडू मागे

लग्नाआधी मी ह्यांना पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. शहापूरला माझ्या माहेरच्या मागच्या शेतात भातकापणी झाली की क्रिकेटच्या टूर्नामेंट व्हायच्या. तिथे मुरबाडहून एक कॉमेंटेटर यायचा. भोंग्यावरून त्याचा आवाज थेट आमच्या चुलीपर्यंत पोचायचा. ‘चेंडू गेला रे गेला, पार सिद्धगडाच्या पायथ्याला!’ असं तो ओरडला की भाकरी थापता थापता आई हसायची. पुढे त्याचंच स्थळ आलं, तेव्हा आईने पत्रिकासुद्धा मागितली नाही.

हे मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होते. थंडी-उन्हाळ्यातले सगळे रविवार मैदानावर जायचे. मी तिथल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. क्लासमध्ये नवीन मशिनं आली तेव्हा एक जुनं मी घरी आणलं. आमची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

त्या वर्षी सीझन संपला तरी ह्यांचा घसा बसलेलाच राहिला. ओरडून ओरडून होतं, असं सगळे म्हणाले. हळद-दूध झालं, मुरबाडचे डॉक्टर झाले, कल्याणचे झाले. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

“म्हंजे बोलता येनार नाय?” ह्यांनी विचारलं.

“नाही. पण जीव वाचेल.”

परतीच्या एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मुरबाड जवळ आल्यावर म्हणाले, “पोरीला माझा आवाज आठवनार नाय गो.”

ह्यांचा आवाज कुठेच धरून ठेवलेला नव्हता. एका फायनलचं शूटिंग होतं, पण शूटिंगवाल्याने लग्नाच्या कॅसेटसारखी त्यावर गाणी टाकलेली. ह्यांचं फक्त तोंड हलताना दिसायचं. ऑपरेशनची तारीख जवळ होती आणि बाहेर पावसात भाताची आवणी चालली होती. मैदानांत गुडघाभर चिखल, मॅच कुठून आणणार?

मी माइक जोडून ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हटलं, बोला. ह्यांनी दोनदा घसा खाकरला आणि माइक खाली ठेवला. “समोर काय चाललेलंच नाय, तर बोलू काय?”

तेव्हा मला क्लासमधला क्रिकेटचा गेम आठवला. मुलं सर नसले की तो खेळायची. मी तो घरी आणून कॉम्प्युटरवर टाकला, त्यातली इंग्रजी कॉमेंट्री बंद केली आणि स्वतःच खेळायला बसले. आयुष्यात कधी बॅट हातात धरलेली नव्हती. ह्यांनी एका टीमला मुरबाड म्हटलं, दुसरीला डोळखांब, आणि बोलायला सुरुवात केली. आवाज चिरका होता, मध्येच फाटायचा, पण चाल तीच होती. मी मात्र भराभर आउट व्हायचे.

“अगो, जरा टिकून खेळ ना! मला बोलायला तरी गावू दे.”

आता पडद्यावरची मॅच आणि ह्यांचा आवाज एकत्र उतरवून घेईल असं सॉफ्टवेअर हवं होतं. आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. मी कल्याणला जाऊन स्टेशनबाहेरच्या दुकानातून सीडी आणली. ते निघालं डेमो. पडद्याच्या मधोमध त्याचं नाव ठळक अक्षरात यायचं आणि ओव्हर संपायच्या आत रेकॉर्डिंग बंद. पुन्हा कल्याण. दुसऱ्याने चित्र सुरेख उतरवलं, पण आमच्या मशिनला ते झेपेना. गोलंदाजाने टाकलेला चेंडू हवेतच अडकून राहायचा. हे वाट बघून बघून म्हणायचे, “चेंडू अजून वाटेत आहे, मंडळी, बहुतेक एसटीने निघालाय.” आम्ही हसत होतो. हसता हसता ह्यांना खोकला यायचा आणि पुढचा अर्धा दिवस आवाज फुटायचा नाही.

तिसरं मला क्लासच्या सरांनी दिलं, फुकटातलं. त्यात ह्यांचा आवाज अगदी स्वच्छ आला. मात्र चित्र हळूहळू मागे पडायचं. हे ‘षटकार!’ म्हणून ओरडायचे आणि पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असायचा.

मी म्हटलं, “हे नको. अजून एकदा जाऊन बघते. बघणाऱ्याला काही कळायचं नाही.”

“चित्र कोनाला पायजे? मॅच तशी बी खोटीच.”

“असं कसं? तुमचं बोलणं चेंडूवर बसायला नको?”

हे म्हणाले, “तू कल्यानला जाशील, येशील, परत जाशील. माझा घसा तवर थांबनार नाय गो.”

मी तेच ठेवलं. दुपारी भारनियमन संपून लाइट आली की बसायचो. मुलीला शेजारी सोडायची, खिडकी लावायची, आणि मी खेळायचं, ह्यांनी बोलायचं. शेवटच्या दिवशी मुरबाडला जिंकायला थोडेच रन हवे होते आणि मी खरंच टिकून खेळले. मुरबाड जिंकलं. ह्यांनी करंडकसुद्धा दिला. आयोजकांचे आभार मानले, मैदान देणाऱ्या शेतकऱ्याचे मानले. मग माइक माझ्या हातात दिला आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले. मी फाइल सेव्ह केली, एका कोऱ्या सीडीवर उतरवली आणि बराच वेळ बाहेर गेले नाही.

ऑपरेशन झालं. श्वासासाठी गळ्याला ठेवलेलं भोक घेऊन हे घरी आले. त्यावर जाळीचा फडका बांधायचे. मला हाक मारायची तर टाळी वाजवायचे. मुलगी पहिले काही दिवस जवळ जाईना. मग सवय झाली. ती टाळीला टाळीनेच उत्तर द्यायची. तिच्या लेखी बाबा असेच होते. सीडी ह्यांनी कपाटात ठेवायला लावली. मीही काढली नाही.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी तिनेच ती शोधून काढली आणि गाणी असतील म्हणून लावायला सांगितली. हे समोर पलंगावर होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली. लाव.

खोलीत आवाज भरला. मुलगी पडद्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, “आई, हा बोलनारा मानूस कोन?”

ह्यांनी टाळी वाजवली. तिने वळून पाहिलं तर हे छातीवर बोट ठेवून दाखवत होते, मी, मी.

“नाय,” ती म्हणाली. “तुमी कुठं बोलता?”

तेव्हा हे उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. मागून आवाज येत होता आणि हे त्याच्याबरोबर ओठ हलवू लागले. ह्यांना प्रत्येक चेंडू पाठ होता. कुठे श्वास घेतला, कुठे आवाज फाटला, सगळं. मुलगी ह्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मग तिने हात पुढे करून ह्यांच्या ओठांवर ठेवला, आवाज तिथून येतो का ते बघायला. श्वासाचा वारा गळ्यातल्या फडक्यामागून येत होता. तिने हात काढून घेतला आणि मोठ्याने रडायला लागली. मी मशिन बंद केलं. ह्यांनी तिला मांडीवर घेतलं, पण तिला काय समजवायचं आणि कसं, हे आम्हा दोघांनाही कळेना.

पुढच्या पावसाळ्यात दुखणं छातीत उतरलं. भात पोटरीला यायच्या, कणीस धरायच्या आत हे गेले.

दिवसकार्य झाल्यावर एक तरुण भेटायला आला. किन्हवलीकडचा होता, आता टूर्नामेंटमध्ये तो कॉमेंट्री करायचा. मी त्याला सीडी लावून दाखवली. थोडं ऐकून तो अवघडला.

“वहिनी, राग मानू नका. पन हा त्यांचा आवाज नाय. आजारी आवाज आहे हा.”

“माझ्याकडे हाच आहे,” मी म्हटलं.

“त्यांचा खरा आवाज आमच्याकडं आहे. आमी सगळी पोरं त्यांचीच नक्कल करत शिकलो.”

मी म्हटलं, करून दाखवा. तो आधी लाजला. मग उभा राहिला, हात पाठीमागे बांधले, मान जराशी तिरकी केली, आणि बोलला. तोच आवाज. माहेरच्या चुलीपर्यंत यायचा तो. आतल्या खोलीतून मुलगी दारापर्यंत आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“बास, भाऊ,” मी म्हटलं.

तो लगेच थांबला आणि खाली बसला. मी चहा ठेवायला आत गेले.