अंबादासअण्णांचे संग्रहालय आणि माझे सुंदर हस्ताक्षर

अंबादासअण्णा आज सकाळी गेले. ज्या वाचनालय समितीने त्यांचे संग्रहालय मारले, तीच समिती संध्याकाळी त्यांची शोकसभा घेणार आहे.

चहापानासह. तसा मेसेज आला आहे.

मेसेजमध्ये त्यांना ‘सोलापूरच्या आधुनिक संग्रहालयाचे जनक’ ही उपाधी बहाल झाली आहे. हयातीत याच समितीच्या लेखी ते ‘तो पोस्टरवाला’ होते.

अज्ञ जनांसाठी इतिहास निवेदन करतो.

सत्तरच्या दशकात अण्णा एका थिएटरची पोस्टरे शहरभर लावीत. सायकल, शिडी, खळीची बादली. दर शुक्रवारी नवा सिनेमा येई आणि जुन्या पोस्टरवर नवे चढे. हा सृष्टिक्रम अण्णांना अमान्य होता.

ते आधी जुने पोस्टर ओले करून सोडवून घेत. कधी सात-आठ पोस्टरांची एकच जाड थप्पी भिंतीवरून निघे. ती घरच्या हौदात दोन दिवस भिजे. मग झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणे काढून घ्यावे, तसा अण्णा एकेक थर वेगळा करीत आणि दोरीवर वाळत घालीत.

पोस्टरे, ऑर्केस्ट्राच्या जाहिराती, गाण्यांच्या चोपड्या, काडेपेट्यांवरची चित्रे, चादरींची लेबले. पत्र्याच्या पेट्यांत, डांबरगोळ्या घालून.

मी तेव्हा कॉलेजात संस्कृत घेऊन पहिल्या वर्षाला होतो. म्हणजे सर्वज्ञ होतो.

“अण्णा, हा कचरा कशाला?”

“ओ पंडित, तुमच्या ताम्रपटाला जपायला लई लोक हायत. आजचं कोन जपनार? उद्या हे बी जुनंच व्हनार की.”

संग्रहालयशास्त्रावर याहून गंभीर विधान मी पुढे कोणत्याही सेमिनारमध्ये ऐकले नाही. आणि मी पुष्कळ सेमिनारांत जागा राहिलेलो आहे.

वाचनालयाच्या वरची रिकामी खोली मिळावी म्हणून अण्णा वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिले. समितीचे सचिव बापूसाहेब. विद्वत्तेचा महामेरू.

“अंबादास, संग्रहालयात मूर्ती असतात. नट्या नसतात.”

“मग देवळाच्या भित्तीवर कोन नाचतंय, बापूसाहेब?”

अर्ज पुन्हा एक वर्ष पडून राहिला.

अखेर एक मंत्री सोलापूरला येणार ठरले आणि त्यांच्या हस्ते कापायला एक फीत हवी होती. खोली आठवड्यात मिळाली. अण्णांनी पेट्या उघडून पोस्टरांची चळत तिथे आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती भिंतीवर टांगायची होती.

त्या दुपारी अण्णा विणकर मित्रांना घरोघर आमंत्रण द्यायला गेले. इकडे बापूसाहेबांना स्वागताचे फलक आठवले. मोठा कागद बाजारात मिळेना. महामेरूंनी चळतीतले वरचे पोस्टर उचलले आणि उलटे केले.

“अहो, मागून कोरंच आहे की. कार्यक्रम झाला की परत ठेवू.”

लिहायला सुंदर हस्ताक्षराचा इसम पाहिजे होता.

तो मी.

लाल रंग, जाड ब्रश, आणि एवढे लांब समास की मंत्र्यांची मोटार निघून जाईपर्यंत वाचून होऊ नयेत. मला एकदाही थांबावेसे वाटले नाही. उलट बापूसाहेब “वा” म्हणत होते, म्हणून मी अकरा सोडून सगळी पोस्टरे लिहून काढली. अकरा उरली, कारण रंग संपला.

संध्याकाळी अण्णा परतले. बापूसाहेबांनी गुंडाळ्या त्यांच्या हातात दिल्या. शहरात पोस्टर लावणारा माणूस दुसरा कोण?

खळ लावायला अण्णांनी पहिली गुंडाळी जमिनीवर पालथी पसरली. चित्र वर आले.

त्यांनी खळीचा ब्रश बादलीत परत ठेवला.

“बापूसाहेब, ही न्हाई लावत मी.”

“मग मंत्र्यांना कळवतो, उद्घाटन रद्द.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. “अक्षर तुमचं?”

“हो.”

“चांगलं हाय.”

एवढेच. मग शिडी उचलली आणि सगळी लावली. फक्त चार कोपऱ्यांना बोटबोट खळ, म्हणजे दुसऱ्या दिवशी अलगद सुटतील.

पण खळ पिठाची असते, आणि आमच्या शहरातल्या शेळ्या साक्षर नसल्या तरी रसिक आहेत. घट्ट चिकटवलेले पोस्टर त्यांना दाद देत नाही. या पोस्टरांच्या कडा मोकळ्या होत्या. सकाळी दहापर्यंत अण्णांची कित्येक वर्षे शेळ्यांच्या पोटात गेली होती.

मंत्र्यांनी अकरा पोस्टरे आणि काडेपेट्यांची चित्रे पाहून ‘दालन हवेशीर आहे’ असा अभिप्राय दिला. तीन महिन्यांत तिथे समितीचा कॅरम आला. अकरा पोस्टरे अण्णांनी सायकलवरून घरी नेली. त्यानंतर त्यांनी एकही जुने पोस्टर सोडवले नाही. नव्याखाली जुने दडपत राहिले, पगार घेत राहिले.

बापूसाहेब कधीच वारले. त्यांच्यावर रागावणे आता फार सोयीचे आहे.

म्हणून हेही लिहितो. चाळीस वर्षे हा प्रसंग मी शेळ्यांचा किस्सा म्हणून लग्नांत, पार्ट्यांत, रिटायरमेंटच्या समारंभांत सांगितला. लिहिणारा कोण होता, ते गाळून. लोक पोट धरून हसले. अण्णा एकदा समोर बसले होते. त्यांनीही मला उघडे पाडले नाही.

मघाशी समितीचा फोन आला. “सर, शोकप्रस्ताव तुम्हीच लिहा. तुमची भाषा भारदस्त.”

नाही म्हणालो. आयुष्यात प्रथमच.

समितीवालेच पुढे म्हणाले की नव्या हेरिटेज दालनासाठी ती अकरा पोस्टरे अण्णांच्या मुलीकडे मागितली आहेत.

पद्माताई, देऊ नका. कितीही मोठा माणूस आला तरी देऊ नका. मी मागायला आलो, तर मलाही दारातूनच परत पाठवा.

अण्णा, क्षमा मागायला मी उशीर केला. तुम्हाला साष्टांग नमस्कार.