वीस मडक्यांची बाग

चांदवडच्या आमच्या मळ्यात गाडीवाटेच्या कडेला एक मुरमाड पट्टा होता. तिथं गवतसुद्धा नाइलाजानं यायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात मी तिथं वीस रोपं लावली: आंबा, चिंच, जांभूळ आणि थोडी लिंबं. माझी नोकरी सातपूरला, बिऱ्हाड नाशकात. मळा थोरले भाऊ बघत. त्यांना त्या पट्ट्यावर कांदा साठवायची चाळ बांधायची होती.

"मृगापर्यंत निम्मी जगली तर पट्टा तुझा," दादा म्हणाले. "नाय जगली तर चाळ. आणि पाण्याला मला धरू नको. मी एक तांब्या घालणार नाय."

पावसाळा आणि थंडी झाडांनी आपापली काढली. चैत्र मी रजा टाकून कळशीनं काढला. मग रजा संपली, आणि वैशाख अजून लागायचाच होता. मी रविवारीच येऊ शकणार, म्हणजे मधले दिवस कुणाचा हात न लागता चालेल अशी व्यवस्था हवी होती.

ठिबक तेव्हा द्राक्षवाल्यांकडे नुकतं दिसू लागलं होतं. मी एका बागेत दुपारभर बसून ते पाहिलं. बागाईतदार दाभण घेऊन ओणव्यानं फिरत होता, क्षारानं तुंबलेली भोकं मोकळी करत होता आणि मला सांगत होता, "एकदा बसवलं की बघावं लागत नाही." पाट काढावा तर विहीर खाली आणि पट्टा वर. राहिली मडकी. बुडाला बारीक भोक, त्यात सुताची वात, आणि मडकं झाडाच्या मुळाशी पुरायचं. माझ्या हिशेबानं ते पाच दिवस पुरणार होतं. सहाव्या दिवशी झाडानं समजून घ्यायचं होतं.

भोकं सारखी हवीत म्हणून मी मडकी नाशकातच घेतली आणि सातपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ड्रिलनं भोकं पाडून घेतली. रविवारी सकाळी नाशकातल्या द्वारका चौकात ती रस्त्याकडेला पालथी मांडून मी टेम्पोची वाट बघत उभा राहिलो. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. त्यांनी मडक्यांकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कुठं झाला?"

"काय?"

"अपघात. वीस म्हणजे बसच असणार."

मी काय मांडून बसलो होतो ते मला तेव्हा दिसलं. आपल्याकडे भोक पाडलेलं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतात. मी भोकाचा व्यास पाहिला, वातीची जाडी पाहिली, हे मात्र पाहिलं नव्हतं.

"झाडांसाठी आहेत," मी म्हणालो.

"बरं, बरं. बसून घ्या जरा," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेले.

मळ्यातल्या घराशी वहिनी दारातच उभ्या होत्या.

"भावजी, तिथंच थांबा. ते आत आणायचं नाय."

"वहिनी, ही पाणी द्यायला..."

"कशाला लागतात ते मला नका सांगू. घरात धडधाकट माणसं हायेत."

"अगं, मला एक पुरंल," दादा बाजेवरून म्हणाले. "बाकीची त्याला परत नेऊ दे."

"तुम्ही गप बसा!"

"दिसणारसुद्धा नाहीत, वहिनी. सगळी पुरायचीच आहेत."

"वर पुरणार बी?" वहिनींचा आवाज दादांच्या चाळीएवढा उंच गेला.

मी अंगणाबाहेर मडक्यांशेजारी बसून राहिलो. समोर तुळस होती. वैशाख कालच लागला होता आणि वहिनींनी रिवाजाप्रमाणे तुळशीवर तिकाटणं उभं करून गळती टांगली होती. मडक्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी पडत होतं.

"वहिनी, त्याला भोक आहे ना?"

"ती गळती हाय. देवाची हाय. टांगलेली हाय."

"मग मी पण टांगतो."

वहिनी आत जाऊन हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि वीसही मडक्यांना बोटं ओढल्याशिवाय त्यांनी मला हलू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येक झाडावर तीन काठ्यांचं तिकाटणं आणि त्यात मडकं लटकत होतं. उघड्या वाऱ्यात पाणी लवकर उडणार. मी पाचाचे तीन दिवस केले आणि खिन्न मनानं नाशकाला आलो.

पुढच्या रविवारी मडकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी काठोकाठ. हिशेब माझ्या फायद्याचा चुकत होता आणि तेच मला सहन होत नव्हतं. दुपारी मी बांधाआड बसलो. विहिरीवरून वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन निघाल्या. पहिलीनं आंब्याच्या मडक्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि हात जोडले. मागचीनं चिंचेला तेच केलं. मी उठून पुढं गेलो.

"मावशी, आंबा आहे तो."

"असू द्या की. वैशाखात गळतीला पाणी घातल्याबिगर पुढं जावं का?"

वाटेपासून लांब पडलेल्या चार झाडांकडे कुणी फिरकत नव्हतं. वहिनींनी सुचवलं, "तिथं शेंदूर लावून एक दगड ठेवा." एवढं खोटं मला जमेना. त्यातली तीन वाळली.

मृगाच्या तोंडावर दादा मोजायला आले. त्यांनी एकेक झाड हात लावून पाहिलं. सतरा जिवंत होती. लिंबापाशी नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या.

"अटीप्रमाणे निम्म्याहून जास्त आहेत," मी म्हणालो.

"अट राहू दे. त्या जांभळाला एका बाईनं नवस बोललाय, सुनेच्या बाळंतपणासाठी. आता त्याला काय झालं तर लोक मला धरतील."

चाळ घरामागं बांधली गेली. पाऊस आठ-दहा दिवस लांबला, आणि एका रविवारी मी मळ्यात शिरलो तर दादा विहिरीवरून कळशी घेऊन चढ चढत होते. मी दिसताच ते थांबले.

"फक्त जांभळाला," ते म्हणाले.