फाटलेल्या पानाची पत्रिका

माझ्या हार्डडिस्कमधून माझी चित्रं सहीसलामत बाहेर निघाली आणि सरळ दुसऱ्याच्या छापखान्यात जाऊन बसली. मला ते कळलं घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेवरून. तिची आठवण झाली की अजून तोंड कडू होतं.

मी नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. वडील कागद बनवायचे. त्यावर छापायचं मी ठरवलं आणि बऱ्हाणपुरात येऊन भाड्याच्या गाळ्यात पत्रिकांचं दुकान टाकलं. बाकीचे छापखाने विकत मिळणारे तेच ते गणपती आणि त्याच त्या डोल्या छापायचे. मी माउस धरून स्वतः चित्रं काढायला शिकलो. आमच्या तापीकाठी लग्नाच्या मांडवाला केळीचे खांब लागतातच, म्हणून पत्रिकेच्या दोन्ही बाजूंना केळी काढल्या. उजवीकडचं एक पान वाऱ्यानं फाटलेलं ठेवलं. बागेत जाऊन बघा, अख्खं पान शोधावं लागतं. लोक आधी नाक मुरडायचे आणि मग तीच पत्रिका घ्यायचे. अशी कितीतरी चित्रं त्या एका कॉम्प्युटरमध्ये होती. माझं दुकान चालायचं ते त्यांच्यावर.

कॉम्प्युटरचं सगळं माझा मेहुणा बघतो. लक्ष्मीपूजनाला इतर दुकानांत नवी वही उघडतात. आमच्याकडे वही नाही, म्हणून यानं स्वतःची एक रीत काढली होती. दर दिवाळीला जुन्या ड्राइव्हमधून जागा कापायची, नवं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, पाडायचं, त्याला 'श्री' नाव द्यायचं आणि पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. मला कौतुकच वाटायचं. त्या दिवाळीलाही त्यानं मुहूर्तावर काम सुरू केलं, इकडे आरती लागली आणि नेमकी लाइट गेली. यूपीएस पीं-पीं करायला लागला. मेहुण्यानं टाळी वाजवत वाजवत पायानं त्याचं बटण बंद केलं, आणि जागा अर्धी कापलेली असतानाच कॉम्प्युटर बंद पडला.

"अरे, काय केलंस?" मी ओरडलो.

"दाजी, आरतीत पीं-पीं बरं दिसतं का?"

लाइट आली तेव्हा चित्रांचा ड्राइव्ह उघडेना. कॉम्प्युटर म्हणत होता, आधी फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून टाका. मेहुणा 'हो' दाबायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यानंतर पत्रिकांची रांग लागते, आणि दाखवायला माझ्याकडे एक चित्र नव्हतं.

गावातल्या राजपुऱ्यात एक रिकव्हरीवाला होता, बिघडलेल्या डिस्कमधलं सामान काढून देणारा. त्यानं भाव सांगितला, मी निम्मा केला. तो लगेच म्हणाला, "चलेगा सेठ, आप घर के आदमी हो." मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. इतक्या पटकन मान डोलावणाऱ्याकडे एक तर माल चोरीचा असतो, नाहीतर त्याला तो द्यायचाच नसतो. पण मी घाईत होतो. पुढे त्यानं मला रोज फिरवलं आणि शेवटी डिस्क परत हातात दिली. "मर गई सेठ. खोल के देखी, अंदर लकीर पड़ गई है." वर तपासणीचे पैसे घेतले.

मी घरी येऊन पुन्हा चित्रं काढायला बसलो. वय झाल्यावर तो हात राहत नाही. केळीचं पान केळीसारखं दिसेना. आणि अशात दारात एक पत्रिका आली, कोपऱ्याला हळद लावलेली. दोन्ही बाजूंना केळी. उजवीकडचं पान फाटलेलं. खाली नाव बाजारातल्या दुसऱ्या छापखान्याचं.

मी डिस्क उचलली आणि राजपुरा गाठला.

"खोलून पाहिली म्हणालास ना?" डिस्क त्याच्या काउंटरवर आपटून मी विचारलं. "या स्क्रूवर अजून माझ्या दुकानातली धूळ आहे. एक तरी फिरवलास का?"

त्यानं स्क्रूकडे बघितलंसुद्धा नाही. "सेठ, आपने आधे में करवाया. आधे में इतनाच होता."

"मग मेली म्हणून का सांगितलंस?"

"मरीच थी. बाद में जी उठी."

बाजूला बसलेलं गिऱ्हाईक हसलं. माझा हात रिकव्हरीवाल्याच्या कॉलरपर्यंत गेला होता. तो शांतपणे म्हणाला, "चिल्लाओ मत. केले का पत्ता तो सबका है. आपने पेड़ लगाया था क्या?"

आणि त्यानं ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवला. माझी सगळी चित्रं त्यात होती. म्हणजे इतके दिवस ती त्याच्या ड्रॉवरमध्ये होती आणि मी घरी डोळे फोडत बसलो होतो. मी तो खिशात घातला, तर मागून म्हणतो कसा, "पेन ड्राइव का अलग लगेगा सेठ."

मला त्याची शिसारी आली. चोराची मला तितकी येत नाही. चोर निदान पळतो. यानं माझी चित्रं त्या छापखान्याला विकली होती, वर माझ्याचकडे डबीचे वेगळे मागत होता. पैसे त्याच्या अंगावर फेकून मी निघालो.

मेहुणा खूश झाला. "मिळालं ना सगळं? मग तोंड का असं?"

"बाजारभर झालंय ते आता."

"तर पोलिसांत जा."

"काय सांगू? केळीचं पान चोरीला गेलं म्हणून?"

आठवड्याभरात डोईफोडिया गावचा एक बागाईतदार मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आला. माझ्या नमुन्यांना त्यानं हातही लावला नाही. खिशातून त्या दुसऱ्या छापखान्याची पत्रिका काढून पुढे केली.

"भाऊ, हीच पाहिजे. ते कमी घेतात. तुम्ही काय लावता?"

"अहो, हे चित्र माझं आहे. मी काढलंय."

"असेल ना," तो म्हणाला. खोटं समजूनही नाही आणि खरं समजूनही नाही. "भाव बोला."

एरवी मी त्याला पायरी उतरायला लावली असती. पण रांगेतलं ते पहिलंच काम होतं, आणि तो उठून गेला असता तर त्या छापखान्यातच गेला असता. मी त्यांच्यापेक्षा कमी भाव सांगितला. माझ्या चित्राला कमी भाव मी स्वतःच्या तोंडानं कधी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी छपाई सुरू झाली. केळी एकामागून एक ताज्या, स्वच्छ पडत होत्या. ढिगातली एक उचलून शाई बघायची असते, ती मी उचलली नाही. मेहुण्याला म्हणालो, "गठ्ठे तू बांध," आणि हात धुवायला मोरीवर गेलो. हाताला शाईचा एक थेंबही लागलेला नव्हता.